दाळमिलमधली माणसं मनापासून काम कशानं करतील?

मांजराकाठ, लातूर

नमस्कार मंडळी. मी लातूरच्या एमआयडीसीत एका दाळमिलमध्ये मॅनेजर आहे. मिल शेठची, पण सकाळी गेट उघडल्यापासून रात्री शेवटची गाडी भरेपर्यंत सगळं माझ्याकडं असतं. शिक्षण बीकॉम. हिशोब येतो, माणसं कशी सांभाळायची हे कुणी शिकवलेलं नाही, म्हणून विचारायलोय.

आधी काम कसं चालतं ते सांगतो, म्हणजे अडचण कळेल. तूर आली की चाळणीवर साफ होते, खडे निघतात, मग रोलवर साल खरडली जाते. त्यानंतर तेल-पाणी लावून माल मुरू द्यायचा, वाळवायचा, परत रोलवर घ्यायचा. शेवटी फटका दाळ सॉर्टेक्समधून, म्हणजे खराब दाणे वेगळे काढणाऱ्या मशिनमधून, जाऊन कट्ट्यात भरली जाते. चुनी, म्हणजे दाळीचा बारीक चुरा, आणि भुसा वेगळा. ऐकायला सोपं वाटतं, पण मधल्या प्रत्येक पायरीवर कुणाच्या तरी अंदाजावर काम चालतं. पाणी किती मारायचं, माल किती वाळला, हे आमचे रोलवरचे मामा दाणा दाताखाली धरून सांगतात. त्यांचा अंदाज चुकला की दाणा फुटतो आणि दाळीची चुनी होते. दोन्हीच्या भावातला फरक तुम्हाला माहीतच आहे.

म्हणजे आमच्याकडं नुसती हजेरी लावणारा माणूस उपयोगाचा नाही. त्याचं लक्ष कामात पाहिजे.

दिवाळीनंतर शेठनी तीन गोष्टी चालू केल्या. महिनाभर एकही खाडा नाही केला तर पंधराशे रुपये हजेरी बक्षीस. पंधरा मिनिटांच्या वर उशीर झाला की अर्ध्या दिवसाचा पगार कापायचा. आणि महिन्याचा उतारा, म्हणजे तुरीतून किती दाळ निघाली ते, ठरलेल्या आकड्याच्या वर गेला तर सगळ्या रोलवाल्यांना जादा पैसे. शेठचा हेतू चांगला होता. पैसे द्यायला ते मागं हटत नाहीत, हे मी त्यांच्या बाजूनं सांगतो.

सुरुवातीला फरक पडला. नंतर येळवस, म्हणजे वेळ अमावस्येचा सण, आली. आमच्याकडं येळवशीला गावाकडं शेतात जाणार नाही असा माणूस शोधून सापडत नाही. आंबील, भज्जी, उंडे घेऊन अख्खं लातूर शहर रानात असतं. काही जण दुसऱ्या दिवशीही आले नाहीत. त्यांचं बक्षीस गेलं, आणि त्या महिन्यात त्याच लोकांचे खाडे आणखी वाढले. उशिराचं तर वेगळंच. आधी पाच-दहा मिनिटं उशीर झाला की माणूस पळत यायचा. आता बस चुकली की सरळ दुपारच्या जेवणानंतर येतो. म्हणतो, "साहेब, अर्धा दिवस कापणारच आहात, मग पळायचं कशाला?" उताऱ्याचे जादा पैसे एका महिन्यात मिळाले, पुढं मिळालेच नाहीत, आणि आता त्या आकड्याचं नावही कुणी काढत नाही.

त्यात सॉर्टेक्सवरचा चांगला पोरगा सोडून गेला. पगाराचं काही बोलला नाही. फक्त "बास झालं" म्हणाला.

शेठचं म्हणणं, बक्षिसाची रक्कम वाढवू. मला तेवढ्यानं भागेल असं वाटत नाही, पण का वाटत नाही हे त्यांना पटवून सांगता येईना. तुरीची आवक सध्या ऐन भरात आहे. कारखान्यात, दुकानात, शेतावर, कुठंही माणसं सांभाळलेल्या लोकांनी सांगा: माणूस मनापासून काम करतो तो कशामुळं?

---

सळईवाला, जालना

भाऊ, मी रोलिंग मिलला आहे. आमच्याकडं भट्टीपुढं उभं राहायचं म्हणजे मे महिन्यात काय असतं ते सांगायला नको. माझा अनुभव थोडक्यात: पगार ठरलेल्या तारखेला, प्यायला गार पाणी, आणि जादा काम घेतलं तर कायद्यानं ठरलेला दुप्पट दर. हे तीन नीट असेल तर निम्मी कटकट राहत नाही. नसेल तर बाकीचं बोलूच नका.

आणि एक बघा. तुमच्याकडं बाहेरून आलेली माणसं आणि गावातली माणसं यांच्यात फरक होतोय का? आमच्याकडं बिहारच्या पोरांना मिलमध्ये खोली, गावातल्याला जाण्यायेण्याचे पैसेही नाहीत, यावरून वर्षभर धुसफूस होती. पगार दोघांचा सारखाच होता. माणूस स्वतःच्या पाकिटाआधी शेजारच्याचं पाकीट बघतो.

---

वाळूजवाली, छत्रपती संभाजीनगर

मांजराकाठ दादा, मी वाळूजला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात एचआर बघते. माहेर अंबाजोगाईचं, त्यामुळे येळवस मला नव्यानं समजवायला नको. तुमच्या तिन्ही योजना तीन वेगळ्या कारणांनी बसल्यात, म्हणून एकेक घेते.

उशिराची कापाकापी. इस्रायलमध्ये हैफा शहरातल्या पाळणाघरांवर उरी ग्नीझी आणि आल्दो रुस्तिकिनी या दोन अर्थतज्ज्ञांनी एक प्रयोग केला होता, २००० साली तो छापून आला. दहा पाळणाघरं होती. त्यांपैकी सहा ठिकाणी, मूल घ्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना दंड लावला. उशीर कमी व्हायला हवा होता, तो वाढला. पुढं दंड काढून टाकला तरी उशीर पहिल्यासारखा खाली आला नाही. आधी पालकांना ताटकळलेल्या बाईची लाज वाटायची; दंड आला आणि उशिराला दर ठरला. पैसे दिले की विषय संपला. तुमचा माणूस "मग पळायचं कशाला" म्हणतो ते नेमकं हेच आहे. पळत येण्यामागं त्याची स्वतःची काही लाज होती, तुमच्याशी काही नातं होतं. त्याचा तुम्ही अर्ध्या दिवसाच्या पगारात सौदा करून टाकला.

शिवाय हे कायद्यातही बसत नाही. गैरहजेरीचा पगार कापायचा तर जेवढा वेळ माणूस नव्हता त्या प्रमाणातच कापता येतो. दंड म्हणून लावायचा तर आधी त्याचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं, आणि एका पगाराच्या मुदतीत दंडाची एकूण रक्कम त्या पगाराच्या ३ टक्क्यांच्या वर जाता कामा नये. १९३६ च्या वेतन कायद्यात हे होतं, २०१९ च्या वेतन संहितेतही आहे. पंधरा मिनिटांना अर्धा दिवस म्हणजे दोन्हीकडून चूक. शेठना हे आधी सांगा, पैशाची भाषा लवकर कळेल.

हजेरी बक्षीस. महिन्याच्या चार तारखेला ज्याचा खाडा पडला, त्याला उरलेले दिवस येण्यासाठी तुमच्या योजनेत काहीच उरलं नाही. एक खाडा आणि पाच खाडे सारखेच झाले. मग तो पाहुण्याचं लग्न, बाजार, दवाखाना सगळं त्याच महिन्यात उरकून घेतो. मीही तेच केलं असतं. बक्षीस आठवड्यावर आणा. आणि येळवशीची सुट्टी तुम्हीच जाहीर करा, जमलं तर दुसऱ्या दिवशीची सकाळसुद्धा. ज्या दिवशी कुणीच येणार नाही हे गावाला माहीत आहे, त्या दिवशी हजेरी मोजून तुम्ही फक्त एवढंच सांगता की इथं तुमचं जगणं आम्ही धरत नाही.

आता उताऱ्याचा मुद्दा, आणि खरी मेख इथं आहे.

व्हिक्टर व्रूम नावाच्या अभ्यासकानं १९६४ मध्ये एक मांडणी केली. माणूस जोर लावायचा की नाही हे ठरवताना मनात तीन गोष्टी तपासतो. मी मेहनत घेतली तर काम खरंच सुधारेल का? काम सुधारलं तर ठरलेलं मिळेल का? आणि जे मिळणार आहे ते मला हवं आहे का? या तिघांचा गुणाकार होतो, बेरीज नाही. एक जरी शून्य असलं तरी सगळं शून्य. तुमच्या शेठना रक्कम वाढवायची आहे, म्हणजे ते तिसऱ्या आकड्याशी खेळतायत. तुमचा पहिलाच आकडा शून्य आहे.

कसा ते बघा. शंभर किलो तुरीतून साधारण सत्तर-पंच्याहत्तर किलो डाळ निघते असं धरू. हा आकडा वरखाली कशानं होतो? तुरीतल्या ओलीनं, दाण्याच्या आकारानं, रोलवरची एमरी (साल खरडणारा खरखरीत थर) किती झिजली आहे त्यानं, उन्हानं. ओली तूर कमी भावात मिळाली म्हणून कुणी घेतली? रोल वेळेत बदलायचा की आणखी महिनाभर ओढायचा हे कुणी ठरवलं? मामांनी नाही. त्यांच्या हातात फक्त पाणी, तेल, वाळवण आणि रोलचा दाब. पहिल्या महिन्यात चांगला माल आला म्हणून पैसे मिळाले, पुढं ओला लॉट आला आणि मिळाले नाहीत. मामांनी दोन्ही महिने सारखंच लक्ष दिलं असेल. त्यांना कळून चुकलं की हे पैसे आपल्या हाताच्या गुणावर मिळत नाहीत, बाजारात काय खरेदी झाली त्यावर मिळतात. मग ते त्या आकड्याचं नाव कशाला काढतील?

म्हणून जे मामांच्या हातात आहे ते मोजा. त्याच लॉटमध्ये तुकडा आणि चुनी किती निघाली हे लॉटनिहाय लिहा, ओल किती होती तेही शेजारी लिहा, आणि तो कागद त्यांच्या रोलजवळ लावा, तुमच्या टेबलाच्या काचेखाली नको. आमच्याकडं आधी रिजेक्ट झालेला जॉब संध्याकाळी क्वालिटीवाले शोधायचे आणि दुसऱ्या दिवशी ऑपरेटरला बोलणी बसायची. आम्ही गेज, म्हणजे माप तपासायचं साधन, ऑपरेटरच्या हातात दिलं. जॉब काढायचा, स्वतः तपासायचा, माप सरकायला लागलं की स्वतःच्या निर्णयानं मशिन थांबवायचं. पगार तोच राहिला. पण लोक जेवणाच्या सुट्टीत टूलबद्दल भांडायला लागले, आणि मला ते भांडण ऐकून फार बरं वाटायचं.

पगार आणि मन लागणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, यावर फ्रेडरिक हर्झबर्गचं जुनं काम आहे. १९५९ साली छापून आलेल्या त्यांच्या अभ्यासात अमेरिकेत पिट्सबर्गच्या आसपासच्या सुमारे दोनशे इंजिनिअर आणि अकाउंटंट लोकांना त्यांनी विचारलं की कामावर फार बरं कधी वाटलं आणि फार वाईट कधी. वाईटच्या उत्तरांत कंपनीचे नियम, वरिष्ठांची वागणूक, पगार, कामाची जागा असलं निघालं. बरं वाटल्याच्या उत्तरांत काहीतरी जमलं, कुणी दखल घेतली, जबाबदारी मिळाली, काम स्वतःच आवडलं, हे निघालं. म्हणजे पहिल्या गोष्टी सुधारल्या की कुरकुर थांबते, पण कुरकुर थांबली म्हणून माणूस मन लावेलच असं नाही.

पण यात मी एक पुस्ती जोडते. ती माणसं इंजिनिअर आणि अकाउंटंट होती. ज्याच्या घरी वीस तारखेला किराणा संपतो त्याला दखल आणि जबाबदारीच्या गोष्टी सांगायला जाऊ नये. जालन्याच्या भाऊंचं म्हणणं मी म्हणूनच पहिल्या नंबरवर ठेवते. त्यांनी सांगितलेलं तुमच्याकडं नीट आहे असं गृहीत धरून मी पुढचं लिहिलं आहे. नसेल तर आधी ते करा.

---

औसेकर, सध्या चाकण

दादा, मी लातूरच्याच एका मिलमध्ये सॉर्टेक्सवर होतो. तुमची नसावी. सोडून आलो त्याचं कारण सांगतो, तुमच्या पोराचं तेच असेल असं नाही, पण विचार करा.

सॉर्टेक्समध्ये कॅमेरा काळा दाणा, सालीचा दाणा बघतो आणि बारीक नोजलमधून हवेचा झटका मारून तो बाजूला फेकतो. सगळा खेळ हवेचा. हवा कोरडी पाहिजे. आमच्या कंप्रेसरचा ड्रायर, म्हणजे हवेतलं पाणी काढणारं यंत्र, बंद पडलेला होता, त्यामुळं लायनीत पाणी यायचं. पाणी आणि दाळीची भुकटी मिळून नोजल चोंदायचे. मग काळा दाणा चांगल्या मालात, नाहीतर चांगला दाणा रिजेक्शनमध्ये. मी सांगायचो, ड्रायर बघा. "बघू" म्हणायचे. मुंबईच्या पार्टीकडून माल वापस आला की सगळ्यांसमोर मला बोलायचे, "तुझं लक्ष कुठं असतंय?" माझं लक्ष तिथंच होतं. सुट्टीच्या दिवशी येऊन नोजल खोलून साफ केलेत मी, कुणी सांगितलं नव्हतं. मशिनवर माझा जीव होता.

हळूहळू सांगायचं सोडलं. दाणा काळा जायलाय दिसायचं, तरी गप बसायचो. ते माझं मलाच पटेना, म्हणून निघालो.

इथं पगार जास्त आहे, पण खोलीभाडं आणि मेस जाऊन घरी पाठवायला तेवढेच उरतात. फरक एवढाच की शिफ्ट सुरू होताना लाईनवाला विचारतो, काल काय अडलं? आणि बोर्डावर लिहितो. झालं की खोडतो. इथं सगळं चांगलं आहे असं मी म्हणणार नाही. मी ठेकेदाराकडं आहे, कायम करतील याचा भरवसा नाही, आणि बोर्डावर लिहून घेतात म्हणून कायम करत नसतात. पण सांगितलेलं कुणीतरी लिहून घेतंय, एवढ्यासाठी मी इथं टिकलोय.

तुमचा पोरगा "बास झालं" म्हणाला ना. कशाचं बास झालं हे त्याला फोन करून विचारा. परत यावा म्हणून नका विचारू. नुसतं विचारा.

---

मांजराकाठ, लातूर

सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, तुमचं लिहिलेलं मी शेठना जसंच्या तसं वाचून दाखवलं. ३ टक्क्यांचं ऐकून त्यांनी अर्ध्या दिवसाची कापाकापी त्याच दिवशी बंद केली. आता जेवढा उशीर तेवढंच. हजेरी बक्षीस आठवड्यावर आणायलाही तयार झाले. येळवशीची सुट्टी पुढच्या वर्षी आधीच फळ्यावर लिहायची ठरली.

उताऱ्याचं मात्र अडलंय. मी म्हणलं, तुरीची गाडी आली की मामांना ओल बघायला बोलवा, त्यांचा अंदाज लिहून ठेवू, मग लॉटनिहाय हिशोब करू. शेठ म्हणाले, खरेदी माझी, त्यात रोलवाल्याचं काय काम. याच्यावर आमचं बरंच झालं. शेवटी सिझन संपेपर्यंत मी लॉटनिहाय तुकडा आणि चुनी लिहून ठेवायची, मग बघू, एवढ्यावर थांबलोय. कागद रोलजवळ लावलाय. मामांना वाचता येत नाही, म्हणून रोज संध्याकाळी मी वाचून सांगतो. काल त्यांनी स्वतःहून थांबवून विचारलं, "मागचा उदगीरचा लॉट कसा गेला होता?" यापूर्वी त्यांनी मला आकडा विचारलेला आठवत नाही.

जालन्याचे भाऊ, तुमचा प्रश्न बरोबर जागी लागला. बाहेरच्यांना खोली आहे, गावातल्यांना काही नाही. हे मी अजून शेठपुढं काढलेलं नाही. एकदम सगळं काढलं तर सगळंच परत फिरेल. पण काढणार आहे.

औसेकर भाऊ, त्या पोराला फोन केला. पहिल्यांदा उचलला नाही. नंतर त्यानंच केला. तुम्ही लिहिलेलंच बोलला, फक्त ड्रायरच्या जागी कंप्रेसरची टाकी म्हणाला. खालचा व्हॉल्व्ह जाम झालाय, पाणी सुटत नाही, असं तो सांगत होता आणि मला ते कधी कळलंच नाही, कारण तो फिटरला सांगायचा आणि फिटर माझ्यापर्यंत येत नव्हता. सध्या सॉर्टेक्सवर त्याच्याच हाताखालचा पोरगा आहे. त्याला विचारलं तर तोही तेच म्हणाला. व्हॉल्व्ह बदललाय. ड्रायर आमच्याकडं आधीपासून नाहीच. घ्यायचा तर कोणता घ्यावा?

---

औसेकर, सध्या चाकण

दादा, कंप्रेसरच्या प्लेटवर सीएफएम (मिनिटाला किती हवा देतो तो आकडा) लिहिलेला असतो, त्याच्यापेक्षा थोडा वरचा रेफ्रिजरेटेड ड्रायर, म्हणजे हवा गार करून पाणी काढणारा, घ्या. त्याच्या पुढं-मागं फिल्टर लागतात, ते घ्यायला विसरू नका, आणि तेल पकडणारा फिल्टर सॉर्टेक्सच्या तोंडाशी लावा. ड्रायर आला तरी टाकीतलं पाणी रोज सकाळी सोडायचंच. उन्हाळा संपायच्या आत बसवा, पावसाळ्यात हवेला ओल जास्त असते, तेव्हा घाईत घेऊ नका. आणि दुकानात जाताना सध्या सॉर्टेक्सवर असलेल्या पोराला सोबत न्या. कोणता नोजल किती वेळा चोंदतो हे त्यालाच माहीत आहे, दुकानदार तेच विचारणार.